पाळण्यातली नावे आणि पिढ्या

आकाशवाणीवरचा ‘आपली आवड’सारखा कार्यक्रम ऐकताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. गाणे लागण्यापूर्वी ते कोणी कोणी मागितले त्यांची नावे निवेदक वाचून दाखवतो. पोस्टकार्डांच्या दिवसांत तर ही यादी गाण्याइतकी लांब असायची. गावाचे नाव, आणि मग ‘मंगल, सुनंदा, शोभा, छाया आणि मैत्रिणी’. या मैत्रिणींना आपण कधी पाहिलेले नसते. तरीपण नुसती नावे कानांवर पडली की त्या साधारण किती वयाच्या असतील याचा अंदाज आपण बांधून टाकतो, आणि तो सहसा चुकत नाही. ‘मंगल’ म्हटले की आज साठीच्या घरात आलेली, नातवंडांची आजी डोळ्यांपुढे उभी राहते. ‘रूपाली’ म्हटले की मुलाला स्कूटरवर मागे बसवून शाळेत सोडायला आलेली आई. ‘गंगूबाई’ म्हटले की भिंतीवरची, हार घातलेली तसबीर!

आता नाव म्हणजे दोन-तीन अक्षरे. त्यावर काही जन्मसाल लिहिलेले नसते. मग हे वय आपल्याला कळते कसे?

वाचकहो, तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी एक करून पाहावे. आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर काढावे आणि ‘आईचे नाव’ हा रकाना तेवढा वरून खाली वाचत जावा. जुन्या रजिस्टरांत हा रकानाच नव्हता. त्या काळी मुलगा बापाचा असे. तेव्हा त्या मुलांच्या आयांची नावे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावी लागतील. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कुठेही हा उद्योग केला, तरी थोड्याफार फरकाने सारखेच थर सापडतील. अगदी तळाला कृष्णाबाई, सखूबाई, रखमाबाई, भागीरथी, तुळसाबाई. त्यावर सुशीला, कुसुम, शालन, मालन, कमल, विमल. मग मंगल, सुनंदा, शोभा, लता, आशा, उषा, छाया, सुरेखा. त्यानंतर सविता, मनीषा, वैशाली, सुवर्णा, अश्विनी, रूपाली. आणि अगदी वर पूजा, स्नेहल, प्रियांका. विहीर खणताना जसे मुरुमाचे आणि मातीचे पट्टे दिसतात, तसेच हे.

पण हे पट्टे फार जुने नाहीत. माझ्या मते या विषयातली खरी गंमत इथेच आहे.

सगळ्यांत खालचा थर नीट पाहा. कृष्णामाई महाबळेश्वरला उगम पावते आणि वाई, कऱ्हाड, सांगली अशी खाली येते. वाईला तिच्या नावाने कृष्णाबाईचा उत्सव भरतो. तिच्या काठच्या घरांत मुलीचे नाव कृष्णा ठेवायला कोणाला विचार करावा लागत नव्हता. पंढरपूरच्या वाटेवर निघालेली संत सखू तर कऱ्हाडचीच, अशी आपल्याकडची कथा; तेव्हा सखूबाईही घरचीच. यशवंतराव चव्हाणांच्या आईचे नाव विठाबाई. कर्मवीर भाऊराव पाटलांची आई गंगाबाई. डॉ. आंबेडकरांची आई भीमाबाई. त्या साताऱ्यातच वारल्या. देव, नदी, संत यांच्याबाहेरची नावे त्या काळी थोडीच. त्यातही नाव गोड आहे की नाही हा प्रश्न नव्हता. मुलीला हाक मारताना देवाचे नाव तोंडी येते, तेवढेच पुण्य, असा हिशेब होता.

याचा परिणाम असा, की त्या काळी नावावरून पिढी ओळखता येत नसे. सावित्रीबाई फुले १८३१ साली खंडाळा तालुक्यातल्या नायगावी जन्मल्या. त्यांच्या आईचे नाव लक्ष्मीबाई. त्यानंतर छप्पन्न वर्षांनी, १८८७ साली, भाऊराव पाटील जन्मले, आणि त्यांच्या पत्नीचे नावही लक्ष्मीबाईच! वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी ज्यांनी आपले दागिने मोडले, त्या याच लक्ष्मीबाई. या दोघींत किती पिढ्यांचे अंतर, पण नाव एकच, आणि त्यात कोणाला काही जुनेपणा वाटला नाही. आजीचे नाव नातीला ठेवायचे ही तर रीतच होती. नाव घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखे वापरले जाई. एकीने ठेवले की दुसरीने उचलले.

त्यातून एक अडचण मात्र होई. सुनेने सासूचे नाव तोंडाने घ्यायचे नाही. आणि पाळण्यात तर सासूचेच नाव ठेवलेले! मग आईने आपल्या पोटच्या मुलीला हाक मारायची कशी? ती तिला आक्का म्हणे, ताई म्हणे, माई म्हणे, बाळाबाई म्हणे. आपल्या दोन जिल्ह्यांत आक्काताई, बाळाबाई अशी नावे सातबाऱ्यावरसुद्धा आढळतात, त्यांतली बरीचशी अशाच हाकांतून पक्की झाली असावीत. पाळण्यातले नाव एक, हाकेचे दुसरे, आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले तिसरे. आपल्याकडे बाई उखाण्यात नवऱ्याचे नाव घेते, पण तिचे स्वतःचे नाव घ्यायचे तर आधी कोणते, असा प्रश्न पडावा.

मग हा क्रम मोडला कधी? एक तारीख सांगता येणार नाही. पण एका घराचे उदाहरण सांगतो, आणि तेही सांगलीचे. मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे बिऱ्हाड सांगलीत होते. त्यांच्या पत्नीचे माहेरचे नाव शेवंती, म्हणजे फुलाचेच, पण जुन्या वळणाचे. लग्नानंतर त्या सुधामती झाल्या. १९२९ साली त्यांना मुलगी झाली, तिचे नाव आधी हेमा ठेवले होते. पुढे दीनानाथांच्या ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून ते लता झाले. तिच्या पाठच्या बहिणी मीना, आशा आणि उषा. यांतल्या आशाताई १९३३ साली सांगलीत जन्मल्या. आता या घराकडे एवढ्याच दृष्टीने पाहा. देव नाही, नदी नाही, आजी नाही. नाटकातली एक व्यक्तिरेखा, दोन-दोन अक्षरांची हलकी नावे, आणि त्यांना ‘बाई’ हे शेपूट नाही. कानाला बरे वाटते म्हणून नाव ठेवायचे, ही नवी गोष्ट त्या घरात शिरलेली दिसते.

तुम्ही म्हणाल, या बहिणी पुढे एवढ्या मोठ्या झाल्या, म्हणूनच गावोगाव लता, आशा, उषा झाल्या. असे पुष्कळ जण समजतात. मला ते अर्धेच खरे वाटते. लताबाईंचे नाव घरोघर पोचले ते १९४९ च्या ‘महल’ चित्रपटापासून. परंतु आशा, उषा, लता अशा घाटाची नावे शिकलेल्या घरांत त्याआधीच येऊ लागली होती; दीनानाथांच्या घरात ती आली ती त्या लाटेबरोबरच. स्टॅन्ली लीबरसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने नावांच्या आवडीनिवडीवर २००० साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने हेच दाखवले आहे, की प्रसिद्ध व्यक्तीमुळे नाव चालू लागते असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा ते नाव आधीच वर चढू लागलेले असते. प्रसिद्धी त्याला मागून ढकलते एवढेच.

खरा जोर असतो तो कानांचा. एक नाद रुळला, की त्याच नादाची दुसरी नावे त्याच्यामागून येतात. कमल आली की विमल आली. शालन आली की मालन आली. लता, आशा, उषा, नंदा, छाया यांत शेवटी ‘आ’ लांबवायचा. पुढे सविता, कविता, संगीता, सुनीता. मग रूपाली, दीपाली, वैशाली, सोनाली. अर्थाकडे कोणी पाहात नाही असे नाही, पण आधी नाद जमतो, अर्थ नंतर विचारला जातो. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले. त्यांची ‘उल्का’ ही कादंबरी १९३४ ची. उल्का म्हणजे आकाशातून तुटून पडणारा तारा. जोशीबुवांनी असले नाव सुचवले नसते! तरी त्यानंतरच्या शिक्षक-कारकुनांच्या घरांत उल्का नावाच्या मुली सापडतात.

हे सगळे सगळीकडे एकाच दिवशी झाले असे मात्र समजू नका. शहरातल्या माडीवर आलेले नाव माणदेशातल्या वाडीपर्यंत पोचायला पंधरा-वीस वर्षे सहज लागत. म्हणून सांगलीतली कुसुम आणि तिकडची कुसुम यांच्या वयांत अंतर पडे. जत तालुक्यात कानडीचा शेजार, तिथे गंगव्वा, शांतव्वा यांतली ‘अव्वा’ गळून पडायला आणखी वेळ लागला. मिरजेच्या मुसलमान घरांत ‘बी’ गळाली. आपल्याकडची ‘बाई’ गेली, तशीच. रेडिओ खेड्यात आला, सांगलीचे केंद्र १९६३ साली सुरू झाले, पुढे दूरचित्रवाणी आली, आणि हे अंतर घटत गेले. आता तर मोबाईल आहे. मुंबईत आज ठेवलेले नाव उद्या आटपाडीला ठेवतात.

एक थर मात्र असा आहे की त्याला तारीख आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर त्या समाजातल्या घरांत सुजाता, गौतमी, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा अशी नावे पाळण्यात येऊ लागली. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत १९०० साली दाखल झाले तेव्हा रजिस्टरात त्यांचे नाव ‘भिवा’ असे लिहिले गेले होते. भीमाबाईंचा भिवा. तिथपासून संघमित्रेपर्यंतचा प्रवास केवळ नादाचा नाही. पूर्वी ज्यांची नावे दुसरे मोडूनतोडून हाका मारीत, त्यांनी आपल्या मुलींसाठी स्वतः शोधून, पूर्ण उच्चार करावा लागेल अशी नावे निवडली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एखादे नाव एका पिढीच्या आयांनाच का चिकटून बसते? नवे बाळ येते तेव्हा आईबाप पंचविशीच्या आसपासचे असतात. त्यांना दोन गोष्टी नको असतात. ज्या बायका त्यांनी आई, मावशी, शेजारची काकू म्हणून पाहिल्या, त्यांची नावे त्यांना बाळाला शोभत नाहीत असे वाटते. एवढ्याशा मुलीला मंगल कसे म्हणायचे, ती तर आपली सासू! आणि फारच विचित्र, कोणी ऐकलेले नाही असे नावही त्यांना धजवत नाही. या दोहोंच्या मधली जी चिंचोळी वाट राहते तिच्यावरून त्या पाच-दहा वर्षांतले सगळे आईबाप चालतात. प्रत्येकाला वाटते की आपण अगदी वेगळे नाव काढले. सहा वर्षांनी पहिलीच्या वर्गात एकाच नावाच्या चार मुली येतात तेव्हा कळते. मग गुरुजी आडनावाने हाक मारतात. अमेरिकेत १९७० पासून १९८४ पर्यंत दर वर्षी सर्वांत जास्त मुलींचे नाव जेनिफर ठेवले गेले. त्यांच्या आईबापांनाही वेगळेच नाव हवे असणार. आज तिकडे जेनिफर म्हटले की मुलगी आठवत नाही, मुलीची आई आठवते.

तेव्हा नाव स्वतः म्हातारे होत नाही. ते धारण करणाऱ्या सगळ्या जणी एकदम म्हाताऱ्या होतात, आणि नाव त्यांच्याबरोबर जाते. त्या हयात असेपर्यंत ते परत येत नाही. पणजीचे मात्र येऊ शकते, कारण तिला पंचविशीतल्या आईबापांनी थकलेली पाहिलेली नसते. रमा, राधा, मुक्ता, सई ही नावे अशीच परत आली आहेत. शालन अजून आलेली नाही.

इतका वेळ बोललो ते आवडीच्या नावांविषयी. पण रजिस्टरात आणखीही एक जात आहे. धोंडूबाई, दगडूबाई, केराबाई. मुलग्यांत धोंडीराम, दगडू, केरबा. ही नावे कोणाच्या कानाला गोड लागत नव्हती. पहिली दोन-तीन मुले हाताला लागली नाहीत, की पुढच्याला असे नाव ठेवीत. हा धोंडा आहे, हा केर आहे, याच्यावर डोळा ठेवू नका, असे जणू यमाला सांगायचे. त्या ओबडधोबड नावात केवढी धास्ती आणि केवढी माया होती! मग डॉक्टर गावात आले, लसी आल्या, देवीचा शेवटचा रोगी आपल्या देशात १९७५ साली आढळला. मुले जगू लागली, आणि ही नावे आपोआप बंद पडली. त्यांच्याविरुद्ध कोणाला चळवळ करावी लागली नाही. कारण संपले, नाव संपले.

याच थरात दोन नावे एकमेकींच्या शेजारी आहेत. एक हौसाबाई. हौसेने मागून घेतलेली मुलगी. क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी हौसाताई. वडिलांच्या प्रतिसरकारच्या लढ्यात उतरलेल्या आणि २०२१ साली वारलेल्या. आणि दुसरे नाव नकुसा, किंवा नकुशी. नकोशी झालेली. एका घरात हौसा आणि दुसऱ्या घरात नकुसा, असे एकाच गावात चाले. मुलीमागून मुलगी झाली की तिसरीला किंवा चौथीला नकुसा म्हणायचे. देवाला निरोप पोचतो आणि पुढच्या खेपेला मुलगा होतो अशी समजूत. असे करणारे आपणच एकटे नाही. राजस्थान-हरियाणाकडे ‘धापू’ म्हणजे पोट भरले, पुरे झाले. चीनमध्ये ‘झाओदी’ म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आणणारी.

धोंडू गेली, पण नकुसा गेली नाही. आजीच्या थरात होती, आईच्या थरात होती, आणि २०११ साली पाहिले तो शाळेतल्या मुलींच्या थरातही होती! बाकी सगळी नावे पिढीबरोबर बदलली; हे एकच असे निघाले की त्यावरून मुलीचे वय ओळखता येऊ नये. कारण त्याच्यामागचे कारण हलले नव्हते. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे सातारा जिल्ह्यात ८७८ मुली होत्या, आणि सांगली जिल्ह्यात ८५१. गर्भाची तपासणी करून मुलगी आहे की मुलगा हे सांगण्यास बंदी करणारा कायदा १९९४ चा आहे, हेही लक्षात घ्या. ज्यांचे नाव नकुसा पडले त्या निदान जन्मल्या तरी.

साताऱ्यात मग जिल्हा परिषदेने गावोगाव शोध घेतला. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ झाला आणि २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. प्रत्येकीला नव्या नावाचे प्रमाणपत्र मिळाले. त्या मुलींनी निवडलेली नावे वाचली की मघाच्या थरांची आठवण होते. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली. त्यांच्या वर्गातल्या इतर मुलींची असतात तशीच. काही विद्वानांना यात नाट्यसिनेमाचा सोस दिसला. मला तसे वाटत नाही. इतरांसारखे असणे, आपल्याच वयाचे नाव असणे, हेच तर या मुलींना आजवर मिळाले नव्हते.

या मुली आता मोठ्या झाल्या. त्यांतल्या ज्या त्या वेळी शाळेच्या वरच्या वर्गांत होत्या, त्या आज आया होण्याच्या वयाच्या आहेत. आणि दरम्यान आणखी एक बदल झाला आहे, तो शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावा. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव सरकारी कागदोपत्री लिहिताना आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे. म्हणजे आई आता वेगळ्या रकान्यात राहिली नाही, ती नावात आली. जिचे नाव कागदावर नकुसाच राहिले असेल, तिच्या मुलाने किंवा मुलीने ते जन्मभर आपल्या नावात बाळगायचे.

ही मुले २०३० सालच्या जूनमध्ये पहिलीत येतील. दाखल्यासाठी आई येईल. तिच्या आधारकार्डावर एक नाव असेल, माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आणि शिधापत्रिकेवर सासरचे तिसरे. अशा वेळी सोबत आलेल्या माणसाला विचारू नका, तिलाच विचारा, आणि शक्य तर चारचौघांसमोर नको. तिला जे नाव हवे ते कागदावर नसेल, तर राजपत्रात बदल जाहीर करून घेण्याची वाट आहे, हे तिला सांगा. सेतू केंद्रात अर्ज कसा करतात तेही सांगा. एखाद्या मुलीचे स्वतःचेच नाव असे असेल तर काम आणखी सोपे. ती शाळेत आहे तोवर, शाळा सोडल्याचा दाखला तिच्या हाती पडण्याआधी, मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून रजिस्टरातल्या दुरुस्तीची खटपट करावी. पुढे तेच काम करायला तिला तालुक्याला किती खेपा घालाव्या लागतात, हे ज्या घरांनी केले आहे त्यांना विचारा.